नाव नव्हतं तेव्हा

(मंडळाच्या निधीसंकलन संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेल्या चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. एकविसाव्या मिनिटाला बटाटेवडे बाहेर येतील अशी प्रेमळ धमकीही दिली आहे. तेव्हा मी मुद्द्यावरच येते.

मागच्या गणपतीत याच हॉलमध्ये आरती चालू असताना माझा नातू कानांवर हात ठेवून बाहेरच्या पॅसेजमध्ये बसला होता. तो नऊ वर्षांचा आहे. लंडनच्या ट्यूबची सगळी स्टेशनं त्याला लाइनवार पाठ आहेत, पण झांजा त्याला सहन होत नाहीत. एक ओळखीच्या बाई बाहेर आल्या. मी त्यांना सांगितलं, "तो ऑटिस्टिक आहे हो, स्वमग्न." बाई मनाने चांगल्या आहेत. त्यांनी त्याच्यासाठी मोदक बाजूला काढून ठेवला. पण जाता जाता म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई हे असलं काही."

मी हसले आणि गप्प बसले. घरी गेल्यावर मात्र मला झोप लागेना. कारण आमच्या वेळी "हे असलं" होतं. आमच्याच घरात होतं. आजचं हे भाषण म्हणजे त्या बाईंना तेव्हा न दिलेलं उत्तर आहे असं समजा. त्या आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत आणि हे सांगायची त्यांनीच मला परवानगी दिली आहे.

आमचं मूळ गाव गुहागर तालुक्यात. नारळी-पोफळीची वाडी, विहीर, मोठं घर. माझ्या वडिलांचे सगळ्यांत धाकटे भाऊ, आमचे धाकटे काका, तिथे राहायचे. त्यांना विचारलं, "काका, जेवलात का?" की ते म्हणायचे, "काका, जेवलात का?" भूक लागली की आजीजवळ जाऊन "तुला भूक लागली" असं म्हणायचे. जेवणाचं ताट ठरलेलं, पाट ठरलेला, पाटाची जागाही ठरलेली. पाहुण्यांसाठी पाट सरकवला तर काका त्या दिवशी जेवत नसत. दिवाळीत फटाके सुरू झाले की माडीवरच्या भाताच्या कणगीमागे जाऊन बसत.

सुपाऱ्या मोजण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शंभर-शंभरच्या राशी घालत, आणि त्या राशी एका रेषेत असत. व्यापाऱ्याच्या माणसाने मोजदादीत लबाडी केली तर काका काही बोलत नसत, नुसते ती रास मोडून पुन्हा मोजायला बसत. त्यामुळे लबाडी करणंच त्याने सोडून दिलं. संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर जायचं, गाडीचा नंबर बघायचा आणि परत यायचं, हा त्यांचा रोजचा नेम. गावात कोणालाही गाडीची वेळ हवी असली तर काकांना विचारायचे. आणि त्यांचं अक्षर! पंचांगातली पानंच्या पानं ते उतरवून काढत. आमच्या घरात तसं वळणदार अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. हे अक्षर लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

गाव त्यांना काय म्हणायचं? वेडा, खुळा, वेडसर. प्रेमाने बोलणारे "भोळा" म्हणायचे, भाविक माणसं "देवमाणूस" म्हणायची. "बाहेरचं काहीतरी आहे" असं तर सगळेच म्हणायचे. आजीने देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, नवस केले. आणि शेवटी सगळ्या आळीने मिळून कारण शोधलं ते असं की, तिने गरोदरपणी ग्रहण नीट पाळलं नाही, विळीवर बसून भाजी चिरली. माझी आजी मरेपर्यंत हेच धरून बसली होती, की माझ्या हातून झालं.

आता नावाची गोष्ट सांगते. "ऑटिझम" हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ सालच्या आपल्या ग्रंथात वापरला, पण तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. ग्रीक भाषेत "ऑटोस" म्हणजे स्वतः. आपण मराठीत "स्वमग्न" म्हणतो, तोही त्याच वळणाचा शब्द. मुलांमधली एक वेगळी अवस्था म्हणून हे नाव रूढ झालं ते १९४३ साली, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या डॉ. लिओ कॅनर यांच्या लेखामुळे. त्या लेखात ११ मुलं होती, ८ मुलगे आणि ३ मुली. म्हणजे हे नाव अजून शंभर वर्षांचंही झालेलं नाही.

मग त्याआधीची माणसं कुठे गेली? ती होतीच. जुन्या कागदपत्रांत ती सापडतात, फक्त दुसऱ्या नावांनी. एक सावधगिरी मात्र आधीच सांगते. गेलेल्या माणसाला समोर बसवून तपासता येत नाही. त्यामुळे पुढे मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांना ऑटिझम "होताच" असं शिक्कामोर्तब करायचं नाही. अभ्यासकांना तसं वाटतं, एवढंच.

पहिली गोष्ट स्कॉटलंडची. नैर्ऋत्येला बोर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या जमीनदार घराण्यातले थोरले चिरंजीव ह्यू ब्लेअर. १७४७ साली एडिंबराच्या कोर्टात त्यांच्यावर खटला उभा राहिला. फिर्याद कोणाची? सख्ख्या धाकट्या भावाची. आईने ह्यूचं लग्न लावून दिलं होतं. भावाचं म्हणणं, की याला लग्न म्हणजे काय हे कळतच नाही, तेव्हा ते रद्द करा. लग्न टिकलं आणि मूल झालं तर इस्टेट त्या बाजूला जाणार, ही खरी मेख होती. एकोणतीस साक्षीदार आले. त्यांनी सांगितलं, की हा चर्चमध्ये नेहमी त्याच जागेवर बसतो, पिसं आणि काटक्या गोळा करतो, बोलावणं असो वा नसो, गावातल्या प्रत्येक अंत्ययात्रेला जातो, आणि ऐकलेलंच परत बोलतो. कोर्टाने प्रश्न लिहून दिले तेव्हा उत्तर लिहायच्या ऐवजी त्याने प्रश्नच पुन्हा उतरवून काढला. कोर्टाने लग्न रद्द केलं.

हे सगळं दप्तरात पडून होतं. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले इतिहासकार रॅब ह्यूस्टन आणि लंडनच्या मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी मिळून ते वाचलं आणि २००० साली त्यावर पुस्तक लिहिलं. फ्रिथबाईंनी साक्षी तपासल्या आणि आजच्या निकषांशी त्या ताडून पाहिल्या. ते पुस्तक मी आमच्या इथल्या लायब्ररीतून मागवलं होतं. प्रश्न उतरवून काढल्याचं वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. "काका, जेवलात का?" "काका, जेवलात का?" अडीचशे वर्षं, दोन देश, दोन भाषा आणि तीच तऱ्हा.

दुसरी गोष्ट फ्रान्सची. जानेवारी १८०० मध्ये दक्षिणेतल्या आव्हेरों भागात, सँ-सेर्नँ गावाजवळ, अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा जंगलातून बाहेर आला. अंगावर धड कपडे नाहीत, बोलता येत नाही. त्याला पॅरिसला नेलं. त्या काळचे सगळ्यांत नावाजलेले वेड्यांचे डॉक्टर फिलिप पिनेल यांनी पाहून सांगितलं, की हा जन्माचा मतिमंद आहे, याच्यावर श्रम करण्यात अर्थ नाही. पण मूकबधिरांच्या संस्थेतले एक तरुण डॉक्टर, झाँ इटार्ड, हे ऐकायला तयार नव्हते. त्यांनी त्याला व्हिक्टर हे नाव दिलं आणि पाच-सहा वर्षं रोज शिकवलं. अक्षरं कापून, वस्तू आणि चित्रं जुळवून, स्पर्शाचे खेळ करून. व्हिक्टर बोलायला काही शिकला नाही. इटार्ड निराश झाले. पण त्यांच्या पद्धती सेगँ या त्यांच्या शिष्याने पुढे नेल्या आणि त्यातूनच मारिया माँटेसरींनी पुष्कळसं उचललं. आपली नातवंडं ज्या माँटेसरीत जातात, तिच्या मुळाशी कधीही न बोललेला हा मुलगा आहे.

तो जंगलात वाढल्यामुळे असा झाला, की असा होता म्हणून घरच्यांनी त्याला जंगलात सोडला? फ्रिथबाईंसारख्या काही अभ्यासकांचा कल दुसरीकडे आहे. वाद मिटलेला नाही आणि मिटणारही नाही.

मला या गोष्टीत इटार्डपेक्षा मादाम गेरँ जवळच्या वाटतात. व्हिक्टरला जेवू-खाऊ घालणारी, सांभाळणारी बाई. एकदा तिचा नवरा वारला. त्या दिवशीही व्हिक्टरने नेहमीप्रमाणे टेबल मांडलं आणि नवऱ्याच्या जागी त्याचं ताट ठेवलं. ते बघून बाईला रडू फुटलं. व्हिक्टरने तिच्याकडे पाहिलं, ताट उचललं, कपाटात नेऊन ठेवलं आणि पुन्हा कधीही काढलं नाही. हे स्वतः इटार्ड यांनी लिहून ठेवलं आहे. "यांना भावना नसतात" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगते.

प्रयोग संपले, डॉक्टर दुसऱ्या कामाला लागले. व्हिक्टर मात्र मादाम गेरँकडेच राहिला, १८२८ साली वारला तोपर्यंत. सरकार तिला त्यासाठी वर्षाला १५० फ्रँक देत असे. मंडळी, हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे. माया त्या बाईची होती, पण तिला वर्षानुवर्षं कोणीतरी पैसे पाठवत होतं म्हणून ती माया टिकली. निधीसंकलनाचा याहून चांगला अर्थ मला सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारची. लंडनहून गॅटविककडे जाताना रेडहिल स्टेशन लागतं. तिथल्या अर्ल्सवुडमध्ये १८५५ साली एक मोठं असायलम उघडलं. आज त्या इमारतीत फ्लॅट्स आहेत. तिथे जेम्स हेन्री पुलेन नावाचा लंडनमधल्या डाल्स्टनचा मुलगा राहत होता. जन्म १८३५. त्याला नीट ऐकू येत नव्हतं, बोलणं तुटक, मोजक्या शब्दांचं. घर सुटलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पण हातात लाकूड आलं की तो वेगळाच माणूस व्हायचा. "ग्रेट ईस्टर्न" या त्या काळच्या प्रचंड आगबोटीची प्रतिकृती त्याने सात वर्षं खपून केली, दहा फूट लांबीची, आतल्या सामानसुमानासकट. राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव, पुढे राजे झालेले सातवे एडवर्ड, यांनी त्याच्या कामासाठी हस्तिदंत पाठवलं होतं.

एकदा त्याने हट्ट धरला, की गावातल्या एका बाईशी मला लग्न करायचं आहे, मला बाहेर जाऊ द्या. व्यवस्थापनाने काय केलं? त्याच्यापुढे आरमाराच्या अ‍ॅडमिरलचा पोशाख ठेवला आणि सांगितलं, इथे राहिलास तर हा तुझा. त्याने पोशाख घेतला आणि लग्नाचा विषय संपला. ही गोष्ट लोक हसत हसत सांगतात. मला काही हसू येत नाही. १९१६ साली तो तिथेच वारला. आयुष्याची साठाहून अधिक वर्षं संस्थांच्या भिंतींच्या आत. तो ऑटिस्टिक होता का नुसता बहिरा होता, यावर मतं वेगवेगळी आहेत. त्याच असायलमचे एक काळचे प्रमुख डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी १८८७ च्या व्याख्यानांत अशा माणसांसाठी शब्द काढला, "इडियट सावाँ", म्हणजे मूर्ख पंडित. आपल्याकडचं "वेडा, पण सुपारीत हुशार" आणि हे, काय फरक आहे?

याच काळाच्या थोडं आधी, लंडनच्याच क्लॅपहॅममध्ये हेन्री कॅव्हेंडिश राहत होते. हायड्रोजन वायू ओळखणारे, १७९७-९८ मध्ये पृथ्वीची घनता मोजणारे थोर शास्त्रज्ञ. माणसांशी बोलायची त्यांना इतकी धास्ती, की मोलकरणींना जेवणाच्या सूचना चिठ्ठी लिहून देत. ऑलिव्हर सॅक्स या प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञांनी २००१ साली लिहिलं, की हेही त्याच पंथातले असावेत. पण कॅव्हेंडिश अतोनात श्रीमंत, म्हणून जग त्यांना "विक्षिप्त" म्हणालं. पुलेन सामान्य घरातला, म्हणून असायलममध्ये. पैसेवाला तो अवलिया, गरीब तो वेडा. हे सगळीकडे सारखंच.

आता नाव मिळण्याच्या काळाकडे येऊ. मॉस्कोच्या डॉ. ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ साली सहा मुलग्यांचं असं हुबेहूब वर्णन केलं, की आज वाचताना आपल्याच घरातली मुलं दिसतात. पुढच्या वर्षी ते जर्मनमध्येही छापून आलं. पण इंग्रजीत यायला १९९६ साल उजाडलं. बाईचं काम आणि तेही रशियन भाषेत, कोण विचारतो! व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर यांनी १९४४ साली लिहिलं आणि पुढे त्यांचं नाव घरोघरी झालं. नाझींच्या ज्या योजनेत अपंग मुलांना मारलं जात होतं, तिला त्यांनी सहकार्य केल्याचे कागद २०१८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे नाव देणारा हात नेहमी वाचवणाराच असतो असंही नाही.

कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला होता डोनाल्ड. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा, जन्म १९३३. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी त्याला लहानपणीच संस्थेत ठेवलं होतं. तिथे तो कोमेजला. शेवटी त्यांनी त्याला घरी आणलं. वडील वकील होते. त्यांनी कॅनरना मुलाबद्दल ३३ पानांचं पत्र लिहिलं. आधुनिक ऑटिझमच्या इतिहासाचं पहिलं पान कोणा डॉक्टरने नव्हे, एका बापाने लिहिलं आहे.

पुढे डोनाल्ड काही वर्षं एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचं वेड. त्या जोडप्याने त्याला मोजू नकोस म्हटलं नाही. विहीर किती खोल आहे ते मोज म्हणाले. नांगरताना मक्याच्या ओळी मोजायचा, तर मोजू दिल्या. मोजता मोजता तो नांगरायला शिकला. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, कितीतरी देश एकट्याने हिंडला आणि २०२३ साली, ८९ व्या वर्षी, आपल्या गावात गेला. गावाने त्याला सांभाळून घेतलं. पण हेही सांगायला हवं, की ती बँक त्याच्या आईच्या घराण्याची होती, आणि त्याच्या पुढच्या आयुष्यासाठी घरच्यांनी पैशांचा ट्रस्ट करून ठेवला होता.

मग नाव मिळालं आणि सगळं सुरळीत झालं का? कुठलं! आमच्या आजीला ग्रहण लागलं होतं, अमेरिकेतल्या आयांना "फ्रिज" लागला. आया थंड आहेत, माया करत नाहीत, म्हणून मुलं अशी होतात, असं मोठमोठे तज्ज्ञ वीस-पंचवीस वर्षं सांगत राहिले. खुद्द कॅनर यांनी १९४९ साली फ्रिजची उपमा वापरली होती, आणि ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात तोच सिद्धांत गावभर केला. याला उत्तर दिलं ते बर्नार्ड रिमलँड या बापाने, १९६४ च्या पुस्तकात. हा दोष जन्मजात आहे, आईबापांचा नाही. १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनरनी सगळ्या आईबापांना दोषमुक्त केलं. आजीला इंग्रजी येत नव्हतं, आणि ती त्याच वर्षी गेली.

इथे लंडनमध्येही पालकच एकत्र आले. १९६२ साली त्यांनी संस्था काढली, १९६५ साली ईलिंगमध्ये शाळा, आणि १९७४ साली सॉमरसेटमध्ये मोठ्या झालेल्या मुलांसाठी निवासी केंद्र. डॉ. लॉर्ना विंग त्यांच्यातल्याच, स्वतःच्या मुलीमुळे या वाटेला आलेल्या. हे एक व्यापक इंद्रधनुष्य आहे, एकच ठोकळा नाही, ही आजची समजूत पुष्कळशी त्यांच्यामुळे आली. म्हणूनच आकडे वाढलेले दिसतात. १९६६ साली मिडलसेक्समधल्या पाहणीत दर दहा हजार मुलांमागे साडेचार मुलं सापडली. अमेरिकेत २०२५ साली जाहीर झालेल्या आकड्यांत आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एक. व्याख्या रुंदावली, ओळखणारे डोळे वाढले, हे या वाढीचं मोठं कारण आहे. लशींचा यात हात नाही. तसं सुचवणारा १९९८ चा लेख २०१० साली त्या मासिकानेच मागे घेतला. "आमच्या वेळी नव्हतं" याचं उत्तर हेच, की बाई, होतं, पण मोजणारं कोणी नव्हतं.

आता काकांची गोष्ट पुरी करते. इथवर आले आहे तर टाळणार नाही.

आजी १९६९ साली गेली. १९७१ साली वाटण्या झाल्या. काकांचाही कायद्याने हिस्सा होता. माझे वडील आणि थोरले काका, दोघंही चांगली माणसं, त्यांनी ठरवलं की याला जमीन काय करायची आहे, आपण सांभाळूच की! हक्कसोड पत्र केलं. त्यावर काकांचा अंगठा घेतला. घरात ज्यांचं अक्षर सगळ्यांत सुंदर, त्यांचा अंगठा. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला ते दिसलं होतं. मी काही बोलले नाही.

वाडी विकली गेली. काका गिरगावात आमच्या चाळीत आले. पाट नाही, विहीर नाही, सुपाऱ्या नाहीत, सकाळपासून रात्रीपर्यंत आवाज. त्यांनी बोलणं सोडलं. दोनदा हरवले, दोन्ही वेळा मुंबई सेंट्रलच्या एस.टी. डेपोत सापडले, गाड्यांचे नंबर बघत. १९७४ साली त्यांना एका मनोरुग्णालयात ठेवलं. हो, ज्या वर्षी इकडे सॉमरसेटमध्ये ते केंद्र उघडलं त्याच वर्षी. १९७७ साली इंग्लंडला निघताना मी भेटायला गेले. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "सव्वासातची गाडी." मी म्हटलं, "हो काका, उद्या जाऊ." १९७९ साली ते तिथेच वारले. आम्हाला पत्राने कळलं.

माझ्या वडिलांना मी दुष्ट म्हणणार नाही. चाळीतल्या दोन खोल्यांत सहा माणसं आणि आईची दुखणी. त्यांना नाव माहीत नव्हतं, मार्ग माहीत नव्हता, मदत करणारं कोणी नव्हतं. पण एवढं खरं, की वाडीत असताना काका वेडे नव्हते. सुपाऱ्या होत्या, थांबा होता, आजी होती. ती चौकट मोडली आणि माणूस मोडला.

आज आपल्याकडे काय आहे? १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आलं. त्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती अशा प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमते आणि त्याने मालमत्तेचा हिशेब द्यायचा असतो. त्याच ट्रस्टची "निरामय" ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातावरून एकवीस प्रकार झाले, त्यात ऑटिझम आहे. म्हणजे काकांचा अंगठा आज इतक्या सहज घेता येणार नाही. तुमच्यापैकी कोणाच्या गावी असा भाऊ, चुलता, आत्या असेल, तर पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा हे दोन कायदे घरच्यांना जरूर सांगा. सात-बारा बघा. हे काम फुकट आहे आणि देणगीपेक्षा मोठं आहे.

पण कायद्याने सुपारी मोजायला मिळत नाही. मुंबई-पुण्यात लहान मुलांसाठी शाळा, थेरपी बरंच काही झालं आहे. कमी आहे ते मोठ्यांसाठी, आणि तेही कोकणासारख्या भागात. ज्यांची मुलं आता पस्तीस-चाळीसची झाली त्या आईवडिलांचा एकच प्रश्न असतो, "आमच्यानंतर कोण?" यंदाचा आपला निधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच पालकांनी चालवलेल्या प्रौढांच्या कार्यशाळेला जाणार आहे. तिथे सुपारी निवडतात, आमसुलं भरतात, कागदी पिशव्या करतात. प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली आहे आणि पाहुणे आले म्हणून ती कोणी हलवत नाही. त्यांना ने-आण करायला एक गाडी हवी आहे आणि दोन प्रशिक्षित माणसांचा पगार हवा आहे, एका वर्षाचा नव्हे, दरवर्षीचा. तपशील पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे. एकदाच मोठा चेक देण्यापेक्षा दरमहा थोडे पौंड बँकेतून परस्पर जातील असं करा, ही विनंती. मादाम गेरँचे १५० फ्रँक वर्षानुवर्षं येत होते, म्हणून व्हिक्टरला घर होतं.

आणि दुसरी मागणी पैशांची नाही. यंदाच्या गणपतीत एक आरती झांजांशिवाय करूया. नुसत्या टाळ्या, हळू आवाजात. कार्यकारिणीने हो म्हटलं आहे. माझा नातू पॅसेजमध्ये न बसता आत येईल, कदाचित आणखीही कोणी येतील, ज्यांचे आईवडील आजवर त्यांना घेऊन आलेच नाहीत.

गाडीची ती व्यवस्था झाली, तर कार्यशाळेच्या मंडळींना मी एक सुचवलं आहे. सकाळी निघायची वेळ सव्वासातची ठेवा. ते हो म्हणाले आहेत.

बटाटेवडे आले वाटतं.